भंगारातले बीड आणि घरातला लेथ

बीड म्हणजे ओतीव लोखंड. कोकणात त्याची पहिली ओळख चुलीपाशी होते. घावणे आणि आंबोळ्या ज्यावरून अलगद सुटतात तो जड, काळा, जाड काठाचा तवा बिडाचा. भातगिरणीची पट्टा चढवलेली पुली, शिलाई मशिनचा नक्षीदार सांगाडा, वाण्याकडची षटकोनी वजने, जुन्या इमारतींच्या भिंतींवरून उतरणारे सांडपाण्याचे पाइप, मच्छीमार नौकेच्या इंजिनाचा ब्लॉक, हे सगळे त्याच कुळातले. टर्नर आणि भंगारवाले त्याला ‘सीआय’ म्हणतात, पाठ्यपुस्तके ‘ओतीव लोखंड’ म्हणतात. घरी छोटा लेथ, ड्रिल किंवा नुसता व्हाइस आणि कानस घेऊन काही बनवू पाहणाऱ्याला याहून स्वस्त आणि याहून समजूतदार धातू मिळणे कठीण. फक्त त्याच्याशी पोलादासारखे वागून चालत नाही.

फरक आहे तो कार्बनचा. नेहमीच्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्याही खाली असतो. बिडात तो अडीच ते चार टक्के असतो आणि सोबत एक ते तीन टक्के सिलिकॉन असते. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागते. कार्बन चार टक्क्यांच्या आसपास गेला की तेच ११५० अंशांच्या जवळपास पातळ होते. पातळ झालेले बीड पाण्यासारखे धावते आणि साच्याचा कोपरान् कोपरा भरते. शिलाई मशिनच्या सांगाड्यावरची वेलबुट्टी त्यामुळेच शक्य झाली. पण खरी गंमत ते थिजताना होते. लोखंडात न मावणारा कार्बन बाहेर पडतो आणि ग्राफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरतो. पेन्सिलीत असते तेच हे ग्राफाइट. बीड कापताना हात काळे होतात ते त्याच्यामुळे, आणि बिडाचे बहुतेक सगळे गुण-अवगुणही त्याच्यामुळेच.

पापुद्रा म्हणजे धातूच्या आत आधीच पडलेली बारीक चीर. ओढ बसली की चीर पुढे सरकते, म्हणून बीड वाकत नाही, एकदम तुटते. दाबले तर मात्र चिरा मिटतात, म्हणून दाब सोसण्याची त्याची ताकद ओढ सोसण्याच्या तिप्पट-चौपट असते. कंपने पापुद्र्यांपाशी विरतात. लेथचा बेड, इंजिनाचा ब्लॉक, मोठ्या यंत्राची बैठक बिडाची करण्यामागचे मोठे कारण हेच. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत असतील तर ग्राफाइट स्वतःच वंगण होते आणि पापुद्र्यांच्या जागी तेलही धरून राहते. कापताना प्रत्येक पापुद्र्यापाशी कीस मोडतो, त्यामुळे टूलवर भार कमी येतो. घावण्याच्या तव्यावर नारळाच्या शेंडीने तेल फिरवत राहिले की काही महिन्यांत तो गुळगुळीत होतो. तापलेले तेल बिडाच्या खरखरीत अंगावर घट्ट धरून वाळते, म्हणून हा थर सहजी निघत नाही.

हे झाले करड्या बिडाचे. तेच बीड फार लवकर थंड केले तर कार्बनला वेगळे व्हायला सवडच मिळत नाही. तो लोखंडाशी बांधला जाऊन सिमेंटाइट नावाचे अतिशय कठीण संयुग बनते आणि तुटलेली कड पांढरी, चकचकीत दिसते. हे पांढरे बीड कानशीला दाद देत नाही. इंग्लंडमधल्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये नांगराच्या फाळाचे असे पेटंट घेतले की ज्यात फाळाची खालची बाजू ओततानाच वेगाने थंड होऊन कठीण होई आणि वरची मऊ राही. जमिनीत चालताना वरची बाजू आधी झिजे आणि फाळाला आपोआप धार येत राही. घरच्या कारागिराला मात्र हाच गुण नडतो, कारण पातळ कास्टिंगच्या कडा आणि कोपरे नकळत असेच कठीण झालेले असतात. तिसरा प्रकार त्यामानाने नवा. १९४३ मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात थोडे मॅग्नेशियम घातले, तेव्हा ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात बसले. चिरा गेल्या, ठिसूळपणा गेला. यालाच कारखान्यात ‘एसजी’ म्हणतात. मोटारींचे क्रँकशाफ्ट आणि रस्त्यावरच्या नव्या गटारांची झाकणे आता पुष्कळदा याची असतात.

बीड ओतण्याची कला चीनमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकापासून आहे. सह्याद्रीत लोखंड गाळणारे धावड जांभ्यातल्या लोहदगडावर काम करत. त्यांच्या कोळशाच्या भट्ट्यांत लोखंड वितळण्याइतकी आच नसे. निघे तो स्पंजासारखा गोळा, तो ठोकून घडीव लोखंड बनवीत. महाराष्ट्राच्या शेतात आणि घरात बीड सर्रास आले ते विसाव्या शतकात, आणि त्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराचा वाटा फार मोठा आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी फाळाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती आणि सुरुवातीला नांगर खपता खपत नव्हते. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेनासे झाले तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्या, अशी हकिगत त्या कारखान्याच्या संदर्भात सांगितली जाते. पुढे कोल्हापुरात ऑइल इंजिनांचा धंदा वाढला आणि इंजिनांच्या पाठोपाठ फाउंड्र्या आल्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत आज बिडाचे ओतकाम करणारे शेकडो कारखाने आहेत आणि देशातल्या ओतकामाच्या मोठ्या केंद्रांत कोल्हापूरचे नाव घेतले जाते.

रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर. म्हणजे ओतकाम घाटावर आणि वापर घाटाखाली, अशी इथली स्थिती आहे. पण घरगुती कामासाठी दर वेळी घाट चढण्याची गरज नसते, कारण बिडाच्या वस्तू गेले शतकभर घाट उतरतच आल्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी आज भंगारात पडून आहेत. मिरकरवाडा हे राज्यातल्या मोठ्या मच्छीमार बंदरांपैकी एक. तिथल्या नौकांची डिझेल इंजिने दुरुस्त करणाऱ्या गॅरेजांच्या मागच्या बाजूला झिजलेले लायनर, फुटलेले सिलिंडर हेड, टाकून दिलेली फ्लायव्हील हमखास सापडतात. मिरजोळे औद्योगिक वसाहतीच्या आसपासची भंगाराची दुकाने, मुंबई-गोवा महामार्गावरची ट्रकची गॅरेजे आणि बंद पडलेल्या भातगिरण्या ही दुसरी ठिकाणे. भंगारवाला बिडाचा ढीग पोलादापासून वेगळा ठेवतो, कारण दोन्हींचा दर वेगळा असतो. नेमके काय हवे ते त्याला एकदा नीट सांगून ठेवले की तो तसा तुकडा बाजूला काढून ठेवतो. यासाठी तोंडओळख वाढवणे हे यंत्रे विकत घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

मोठ्या शोधासाठी पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, मुंबईत दारूखान्याचा भंगार बाजार आणि हत्यारांसाठी नागदेवी रस्ता आहे. दोन प्रकारच्या मालाला मात्र हात लावू नये. गटाराची झाकणे आणि पाण्याच्या व्हॉल्व्हची झाकणे ही सार्वजनिक मालमत्ता असते. ती चोरीला जातात आणि उघड्या गटारात माणसे पडतात. तसेच किल्ल्यांवरच्या, खाड्यांच्या मुखांवरच्या जुन्या तोफा. शंभर वर्षांपूर्वी त्यांचे नांगर झाले ती अडचणीची वेळ होती. आज त्या इतिहासाच्या ठेवी आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ कायद्यानेही संरक्षित आहेत.

तुकडा हाती आला की तो बिडाचाच आहे का, हे ठरवावे लागते. ओतीव वस्तूच्या अंगावर वाळूच्या साच्याची खरखर असते, साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथे बारीक शिवण असते आणि कोपरे गोलसर असतात. दोरीने टांगून हातोडीने हलकेच टिचकी मारली तर पोलाद घंटेसारखे वाजते, करडे बीड ‘ठप्प’ करते. एसजी मात्र पोलादाच्या जवळपास वाजते, त्यामुळे आवाजावर सगळी भिस्त ठेवू नये. ग्राइंडरला लावले तर पोलादाच्या ठिणग्या लांब, उजळ आणि टोकाला फुटणाऱ्या असतात. करड्या बिडाच्या आखूड, लालसर आणि मंद. सगळ्यात खात्रीची परीक्षा ड्रिलची. एखाद्या बिनकामाच्या जागी ५ मिलिमीटरचे छिद्र पाडावे. वेटोळे निघाले तर ते पोलाद, काळी भुकटी आणि बारीक कण निघाले तर करडे बीड. कानस घसरून नुसता चर्र आवाज आला तर तिथे पांढरे बीड आहे, आणि तो तुकडा लेथवर चढवण्यात अर्थ नाही.

कोकणात आणखी एक परीक्षा लागते, जी घाटावर फारशी लागत नाही. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे पडलेल्या बिडातले लोखंड हळूहळू विरघळून जाते आणि ग्राफाइटचा सांगाडा तेवढा उरतो. वस्तूचा आकार जसाच्या तसा राहतो, वरचे अक्षरसुद्धा वाचता येते, पण वजन कमी झालेले असते आणि चाकूने खरवडले तर पेन्सिलीच्या टोकासारखी काळी पूड निघते. समुद्राच्या पाण्याचे पाइप, पंपांचे भाग, नौकेत वजन म्हणून ठेवलेले ठोकळे असे झालेले असू शकतात. असा तुकडा कितीही शाबूत दिसला तरी कामाचा नाही.

कोणत्या वस्तूतले बीड चांगले? वरचा क्रमांक ट्रक किंवा टेम्पोच्या फ्लायव्हीलचा. ते घट्ट, एकसारख्या कणाचे, पोकळ्या नसलेले असते, कारण ते फिरताना फुटले तर अनर्थ होईल. त्याच्या परिघावर बसवलेली दातेरी रिंग पोलादाची असते. रिंग चहूबाजूंनी तापवली की ती सैल होऊन उतरते. उरलेल्या चकतीतून लेथची फेसप्लेट, चकची बॅकप्लेट, छोट्या इंजिनाचे फ्लायव्हील किंवा सपाटी तपासण्याची पाटी निघते. ब्रेक ड्रम सहज मिळतो आणि त्याचे लोखंडही चांगले असते, पण ब्रेक लागून लागून आतल्या पृष्ठभागावर तापाच्या बारीक चिरा आणि कठीण डाग पडलेले असतात. तो थर पूर्ण कापून काढावा लागतो.

लायनर म्हणजे इंजिनातल्या सिलिंडरची आतली नळी. ती बहुधा फिरत्या साच्यात ओतलेली असते, त्यामुळे धातू दाट आणि एकसारखा असतो. छोटी वाफेची किंवा गरम हवेवर चालणारी इंजिने बनवणाऱ्या हौशी माणसाला तयार सिलिंडर याहून चांगला मिळणार नाही. त्यात बिडाचाच पिस्टन बसवला तर दोन्ही तापून सारखेच फुगतात आणि अतिशय कमी फटीत, जवळजवळ तेलाशिवाय सरकतात. लायनरची जाडी पुरेशी असेल तर पिस्टन रिंगाही त्यातूनच कापून निघतात. काही लायनर आतून क्रोमचा थर दिलेले किंवा कठीण केलेले असतात, म्हणून आधी कानस फिरवून पाहावी.

वजने आणि व्यायामशाळेच्या चकत्या दिसायला मोहात पाडणाऱ्या. त्यांच्याकडून वजनाखेरीज कशाचीच अपेक्षा नसते, म्हणून मिळेल ते भंगार वितळवून त्या ओतलेल्या असतात. आत पोकळ्या निघतात, मध्येच कठीण गाठ लागते आणि टूलचे टोक उडते. वाण्याच्या वजनात तर प्रमाण जुळवण्यासाठी भोकात शिसे भरलेले असते, ते आधी काढावे लागते. पंपाची आणि मोटरची आवरणे पातळ असतात, त्यातून फार तर एखादी बुशिंग निघते. शिलाई मशिनचा सांगाडा तोडूच नये. त्यात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असलेले, साच्यात छान पसरणारे पण ठिसूळ बीड असते. कापून हाती काही लागत नाही, आणि वर एक फळी टाकली की त्याचे उत्तम टेबल होते.

नवे बीड हवे असेल तर हार्डवेअरच्या दुकानातली व्ही-पुली हा सर्वांत सोपा मार्ग. साध्या भोकाची मोठी पुली म्हणजे तयार ओतलेली, कापायला मऊ, मोजमापाची चकती. याखेरीज पुण्या-मुंबईच्या धातू बाजारात सलग ओतकामाने बनवलेले बिडाचे गोल आणि चौकोनी बार मिळतात. ते महाग पडतात, पण त्यात पोकळी नसते. भारतीय मानक आयएस २१० प्रमाणे करड्या बिडाच्या प्रती ठरलेल्या आहेत. ‘एफजी २००’ म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला २०० न्यूटन ओढ सोसणारे बीड. घरगुती यंत्रांच्या भागांना ही प्रत भरपूर झाली.

जुन्या तुकड्याचा एक मोठा फायदा आहे. ओतलेले बीड थंड होताना पातळ भाग आधी थिजतो, जाड भाग नंतर, आणि आत ताण अडकून राहतात. वरचा थर कापला की तोल बिघडतो आणि सपाट केलेला भाग दुसऱ्या दिवशी वाकडा निघतो. पूर्वी यंत्रांचे कारखाने आपली कास्टिंग महिनोन्महिने उघड्या आवारात ऊन-पावसात ठेवत, ते हा ताण निवावा म्हणून. आता भट्टीत साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवून तेच काम काही तासांत करतात. वीस वर्षे इंजिनात तापून-निवून आलेल्या फ्लायव्हीलचे हे शिक्षण आधीच झालेले असते. तरीही अचूक काम असेल तर सगळ्या बाजूंनी अर्धा-एक मिलिमीटर माल ठेवून रफिंग करावे, तुकडा आठ-पंधरा दिवस तसाच ठेवावा आणि मग शेवटचा कट घ्यावा.

लेथवर पहिला कट निर्णायक असतो. कास्टिंगच्या कातडीत साच्याची वाळू रुतलेली असते आणि वरचा थर जात्याच कठीण असतो. घाबरून पाव मिलिमीटर कट लावला तर टूल वाळूवरच घासत राहते आणि मिनिटभरात बोथट होते. त्याऐवजी दीड-दोन मिलिमीटर खोल जावे, म्हणजे टोक कातडीखालच्या स्वच्छ धातूत चालते आणि कातडी वरच्या वर उचकटून येते. त्याआधी वायर ब्रशने आणि जुन्या कानशीने वाळू झाडून टाकली तर आणखी बरे. टूल हायस्पीड स्टीलचे असेल तर कापण्याचा वेग मिनिटाला वीसेक मीटर ठेवावा. १५० मिलिमीटर व्यासाच्या बॅकप्लेटला हे मिनिटाला ४२ फेरे होतात, म्हणजे बहुतेक छोट्या लेथना बॅकगिअर लावावा लागतो. बिडासाठीच्या के वर्गातल्या कार्बाइडने हाच वेग तिप्पट करता येतो. वेग जास्त झाल्याची खूण म्हणजे टूलच्या टोकावर उमटणारी चमकदार पट्टी. ती दिसली की थांबून धार लावावी.

तेल किंवा पाणी वापरू नये. ग्राफाइट स्वतः वंगण आहे, आणि तेल पडले की भुकटीचा काळा चिखल होऊन तो लेथच्या बेडवर पॉलिश पेपरसारखा काम करतो. काम सुरू करण्यापूर्वी बेड कोरडा पुसावा, त्यावर कापड किंवा पुठ्ठा पसरावा, आणि काम संपल्यावर भुकटी व्हॅक्यूमने वा ब्रशने गोळा करून मग बेडला नव्याने तेल द्यावे. हवेच्या झोताने उडवलेली भुकटी यंत्राच्या फटीत आणि माणसाच्या छातीत जाते. साधा मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लावल्याखेरीज बिडावर काम करू नये.

बिडाची कड जपावी लागते. टूल तुकड्यातून बाहेर पडते त्या बाजूला कड आधाराविना असते आणि दाण्यादाण्याने ढासळते. म्हणून बाहेर पडण्याच्या कडेला आधीच तिरकस घासून घेतात, किंवा शेवटचे दोन-तीन मिलिमीटर उलट बाजूने कापतात. ड्रिल पलीकडे निघताना हात हलका करतात. आट्या पाडायच्या असतील तर जाड पिचच्या पाडाव्यात. बारीक आट्यांचे दात बिडात चुरा होऊन निघतात. बोल्ट त्याच्या व्यासाच्या दीडपट तरी आत जायला हवा. टॅप कोरडाच चालतो, पण प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला मागे घेऊन भुकटी झाडावी.

सपाट पृष्ठभाग हवा असेल तर लेथच्या पलीकडचे एक जुने हस्तकौशल्य आहे, स्क्रॅपिंग. खात्रीच्या सपाट पाटीवर निळ्या रंगाचा अगदी पातळ थर देऊन तुकडा त्यावर घासतात. उंचवट्यांवर निळे डाग उमटतात, तेवढेच धारदार स्क्रॅपरने खरवडायचे, पुसायचे, पुन्हा घासायचे. दर फेरीला डाग वाढत जातात आणि पसरत जातात. खात्रीची पाटीच नसेल तर बिडाचे तीन तुकडे घेऊन ते आळीपाळीने एकमेकांवर जुळवतात. दोन तुकडे जुळले तर एक फुगीर आणि एक खोलगट असू शकतो, पण तिन्ही एकमेकांशी जुळले तर तिन्ही सपाटच असावे लागतात. एकोणिसाव्या शतकात जोसेफ व्हिटवर्थने ही पद्धत कारखान्यांत रुजवली. कोणतेही महाग उपकरण न वापरता, केवळ चिकाटीने अचूकता निर्माण करण्याचा हा प्रकार प्रत्येक होतकरू कारागिराने एकदा तरी करून पाहावा. पोलादावर हे काम इतके सुखाचे होत नाही; स्क्रॅपरखाली बीड लोण्यासारखे सुटते, फाटत नाही.

फुटलेले बीड जोडणे हे मात्र कठीण काम आहे. नेहमीच्या वेल्डिंग रॉडने जोडले तर सांध्यालगतचे बीड झटकन थंड होऊन पांढरे, काचेसारखे होते आणि शेजारीच नवी चीर जाते. योग्य मार्ग दोन. एक, निकेलचा रॉड: पंचवीसेक मिलिमीटरचा छोटा टाका घालायचा, गरम असतानाच हातोडीने हलके ठोकायचे, हात लावता येईल इतके निवू द्यायचे, मग पुढचा टाका. दुसरा, पितळी रॉडने ब्रेझिंग, टाकणखार घालून. यात बीड वितळतच नाही, त्यामुळे सांधा मजबूत येतो. दोन्हींत तुकडा आधी सावकाश तापवावा आणि नंतर कोरड्या राखेत किंवा वाळूत पुरून रात्रभर निवू द्यावा. इंजिनाचा जुना तुकडा तेल प्यायलेला असतो. तापवून ते तेल जाळून टाकल्याखेरीज कोणताही सांधा धरत नाही.

हवा तो आकार भंगारात सापडलाच नाही तर तो ओतून घ्यावा लागतो. बीड घरी वितळवण्याच्या भानगडीत पडू नये. साच्यात ओतताना ते तेराशे अंशांच्या आसपास असते आणि ओलाव्याचा एक थेंब सापडला तर वाफ होऊन उसळते. घरी करायचा तो नमुना, म्हणजे पॅटर्न, आणि तो घेऊन कोल्हापूरच्या सुटी कामे घेणाऱ्या एखाद्या फाउंड्रीत जायचे. नमुन्यासाठी जुना, वाळलेला साग उत्तम. कोकणातल्या जुन्या घरांच्या तुळया-वाशांतून तो मिळतो. थंड होताना बीड एक टक्का आकसते, म्हणून ३०० मिलिमीटरच्या वस्तूचा नमुना ३०३ मिलिमीटरचा करतात. जो पृष्ठभाग लेथवर कापायचा आहे तिथे आणखी तीनेक मिलिमीटर माल ठेवतात. उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार देतात, नाहीतर वाळूतून नमुना उचलताना साचा ढासळतो. आतले कोपरे गोल भरतात. कुठलाही भाग सहा मिलिमीटरपेक्षा पातळ ठेवू नये, तो पांढरा होतो. आणि जाडीत एकदम फरक ठेवू नये, तिथे पोकळी पडते. फाउंड्रीत दर किलोवर लागतो, त्याचा अंदाजही नमुन्यावरून येतो: सागाच्या भरीव नमुन्याच्या साधारण दहा-अकरा पट कास्टिंगचे वजन भरते. नमुन्याला शेलॅक किंवा रंगाचे दोन-तीन हात देऊन तो गुळगुळीत करावा. मोल्डर तो हातात घेताच करणाऱ्याची समज ओळखतो आणि त्याने सुचवलेला बदल निमूट करावा, कारण वाळू कुठे धरते आणि कुठे सोडते हे त्याच्या बोटांना ठाऊक असते.

रत्नागिरीत शेवटचा प्रश्न गंजाचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि बाराही महिने खारे वारे. ताजा कापलेला बिडाचा पृष्ठभाग पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होतो, आणि घामाचा हात लागला असेल तर सकाळी बोटांचे ठसे दिसतात. भंगारातल्या तुकड्याचा जुना गंज काढायला विजेचा मार्ग सौम्य आहे. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी करून तुकडा बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या पोलादाचा पत्रा धन टोकाला जोडतात. रात्रभरात गंज सुटा होऊन ब्रशने निघतो आणि चांगला धातू खाल्ला जात नाही. पत्रा स्टेनलेस स्टीलचा वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. या कामात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून बादली पडवीत, मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर ठेवावी. बाहेर काढलेला तुकडा धुऊन लगेच तापवून कोरडा करावा आणि कोमट असतानाच तेल चोळावे. न कापलेल्या बाजूंना प्रायमर आणि ऑइल पेंट. कापलेल्या, घासणाऱ्या बाजूंना घट्ट तेल किंवा ग्रीस. खोबरेल लावू नये, कालांतराने ते चिकट होते आणि आंबते. हत्यारांच्या कपाटात जून ते सप्टेंबर एक छोटा पिवळा बल्ब सतत चालू ठेवला तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा दोन-चार अंश गरम राहते आणि दव धरत नाही. लेथच्या बेडवर तेलाने भिजवलेले सुती कापड पसरावे, त्यावर प्लास्टिक टाकू नये. प्लास्टिकखाली ओल कोंडते आणि पाऊस संपल्यावर बेडवर त्याच्या सुरकुत्यांचा नकाशा उमटलेला दिसतो.